खोडलेला तीन नंबर

शनिवार, अकरा नोव्हेंबर, दुपारी चार वाजून सदतीस मिनिटं. चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट.

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, क्लबचे सरचिटणीस, आजचे सत्कारमूर्ती आणि पंख्याखालची खुर्ची मिळावी म्हणून तासभर आधी येऊन बसलेल्या बंधुभगिनींनो, आधी तुम्हाला नमस्कार करायचा आणि मग बोलायचं ही रीत मला ठाऊक आहे. पण या क्लबच्या कचेरीत मी एकतीस वर्षं काढली. तिथल्या कागदावर आधी तारीख आणि वेळ पडते, माणूस मागून येतो. खोड जात नाही.

'चार गोड शब्द बोला' असं सरचिटणीसांनी सांगितलं आहे. बोलते. गोडाचं मात्र बघू.

आपले सत्कारमूर्ती सोळा वर्षं नऊ नंबरचा शर्ट घालून आघाडीला खेळले. गोल करणाऱ्याचं काम लांबून मजेचं दिसतं. जवळून काय असतं? नव्वद मिनिटं गोलकडे पाठ करून उभं राहायचं, मागच्याची कोपरं बरगडीत घ्यायची आणि एक चेंडू येईल म्हणून वाट बघायची. तो हुकला की याच सभागृहातल्या सभ्य माणसांनी आईबहिणीवरून हाका मारायच्या. मान खाली घालू नका, मी कचेरीच्या खिडकीतून ऐकलेलं आहे. ऑपरेशनसाठी तीनदा गुडघा उघडला. सामन्यानंतर आमच्या कचेरीच्या बाकावर बर्फाची पिशवी धरून हे बसायचे, आणि निम्मा बर्फ माझ्या फायलींवर वितळायचा.

चौदा वर्षांपूर्वी यांचे अकरा सामने कोरडे गेले होते. अकरा नोव्हेंबरला बारावा. चार सदतीसला आमच्या तीन नंबरने, म्हणजे डाव्या बाजूच्या बचावपटूने, पंचवीस पावलांवरून चेंडू हाणला. तो सरळ जाळ्यात गेला. गोलसमोर आपले नऊ नंबर उभे होते. त्यांनी पाय उचलला, मग हात उचलला आणि कॉर्नरच्या झेंड्याकडे धावत सुटले. सगळे त्यांच्या अंगावर पडले. पंचांना वाटलं, जाता जाता याचाच बूट लागला.

मी खिडकीतून पाहिलं होतं. वहीत 'तीन' लिहूनही टाकलं होतं. अर्ध्या तासाने पंचांची चिठ्ठी आली: नऊ. कारकुनाने चिठ्ठीप्रमाणे लिहायचं असतं. मी खोडलं आणि लिहिलं.

तो तीन नंबर म्हणजे माझा धाकटा भाऊ. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, कडेवर घेऊन फिरवलेला. दोनशे बारा सामने खेळला. त्याच्या पायाने आयुष्यात गेलेला तो एकच गोल.

त्या संध्याकाळी मी घरी थयथयाट केला. तो बूट पुसत बसला होता. म्हणाला, "अगं, जाऊ दे ना. अकरा मॅच कोरडा गेलाय बिचारा. पुढच्या वेळी बाकावर बसवतील त्याला. मला एका गोलाचं काय लोणचं घालायचंय?"

त्याची बायको, आमची वहिनी, आतून म्हणाली, "भिंतीशी लग्न केलंय मी. भिंत कुठे गोल करते?"

तेव्हा आम्ही तिघंही हसलो. पुढे दर वर्षी आजी-माजी खेळाडूंच्या गोलांची यादी असलेलं क्लबचं पुस्तक यायचं, आणि भावाच्या नावापुढे शून्य असायचं. वहिनीने तो विनोद करणं कधी सोडलं, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

गेल्या महिन्यात हे सत्कारमूर्ती माझ्याकडे आले. तीन जिने. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठडा धरून. वय एकोणचाळीस. पाणी प्यायले आणि म्हणाले, "ताई, माझा बूट लागलाच नव्हता."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "त्या वर्षी तुझा बूट कशालाच लागत नव्हता."

हसला. मग म्हणाला, "गेलं वर्षभर गुडघ्यातलं पाणी काढून काढून खेळवलं मला. अठ्ठ्याण्णव गोलांवर थांबू नकोस म्हणाले क्लबवाले. शंभरावा झाला तेव्हा सगळे नाचत होते, आणि मी मनात म्हणत होतो, नव्याण्णव."

म्हणजे एका गोल आकड्यापायी याचा गुडघा गेला, आणि तो आकडाही खरा नाही. यांनी सरचिटणीसांना दोनदा सांगितलं. उत्तर तोंडी मिळालं: "आता कशाला उकरून काढता? कमान रंगवून झालीये." ती माझ्या मागे आहे, बघा. 'शतकवीर'. एकेक अक्षर कपडे धुवायच्या टबाएवढं.

"तू स्वतः का बोलत नाहीस?" मी विचारलं.

"मी बोललो तर लोक म्हणतील, काय नम्र माणूस! आणि टाळ्या वाजवतील. तुम्ही बोला ताई. तुमच्यासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही."

खरं आहे ते.

शेवटच्या रांगेत दाराजवळ माझा भाऊ बसला आहे. ए, उठू नकोस. बस खाली. मी काय बोलणार आहे ते त्याला ठाऊक नव्हतं.

सरचिटणीस साहेब, पुरावा विचाराल. आमच्या मिशनच्या शाळेत सिस्टर खोडरबर वापरू द्यायच्या नाहीत. चुकलं तर पट्टीने एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. चूक लपवली की दोन चुका, असं त्यांचं म्हणणं. माझी ती सवय मोडली नाही. तुमच्या कपाटात खालच्या खणात ती वही आहे. नऊच्या शेजारी, एका रेघेखाली, माझ्या अक्षरातला 'तीन' आजही वाचता येतो.

मी दमले आहे, हे दमले आहेत, तो दाराजवळचा तर केव्हाच दमला आहे. आम्हाला भांडायचं नाही. या महिन्याच्या तीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत, तो गोल तीन नंबरच्या नावावर करणार की नाही, याचं लेखी उत्तर हवं. नकार असला तरी चालेल, पण सहीशिक्क्यानिशी. या क्लबमध्ये लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही, हे मला एकतीस वर्षं तुम्हीच शिकवलंत.

दहा मिनिटं दिलीत, त्याबद्दल आभार. समारंभाला न शोभणारं काही बोलून गेले असेन तर पोटात घाला. वयाचा नाही, स्वभावाचा दोष आहे.

आणि उत्तर माझ्या नावाने पाठवू नका. माझ्या भावाच्या नावाने पाठवा. क्लबकडून त्याला शेवटचं पत्र तेरा वर्षांपूर्वी गेलं, आपली सेवा यापुढे नको असं सांगणारं. ते मीच टाइप केलं होतं. त्यात एकही चूक नव्हती.