दहा होईपर्यंत

रत्नागिरीच्या एसटी स्थानकात आरे-वारेच्या बसची रांग संथपणे वाढत होती, आणि रितेश नेहमीसारखाच कुणाशीही न बोलता तिच्यात उभा होता. त्याच्या पुढे एक गृहस्थ होते, आणि कराटेच्या पांढऱ्या पोशाखातली त्यांची मुलगी.

“अब्बा, उद्या पिवळ्या पट्ट्याची परीक्षा. जलद ठोसे येतात हो, सावकाश मारताना पाय हलतो. मागच्या वेळी त्यातच नापास झाले.”

“सावकाश मारलेला ठोसा लागतो कुणाला, तूबा? समोरचा तोवर चहा पिऊन येईल.”

“सर म्हणतात, ज्याला सावकाश जमतं त्याचंच जलद खरं. मोजा ना! एका आकड्याला एक ठोसा. दहा होईपर्यंत पाय हलता कामा नये.”

“बरं. वाहिद... इस्नैन...”

“हे अरबी झालं! सर जपानीत मोजतात.”

“बारा वर्षं मस्कतच्या गोदामात खोकी अशीच मोजतोय गो. ठोशाला भाषा कळते काय?”

“मोजा मग. पण सावकाश.”

“सलासा... अरबा... खम्सा...”

“अब्बा, मोजताना धावू नका!”

“सित्ता... सबा... तूबा, बस आली गो!”

“मोजा!”

“तमानिया... अगो, कंडक्टर दार लावतोय!”

“अब्बा!”

“तिसा...”

घंटी दोनदा वाजली.

“...अशरा.”

रांगेच्या जागी आता तिघेच उरले होते. रितेशच्याही ओठांवर ‘अशरा’ होता.

“अब्बा, पाय हलला नाही!”

“नाही गो. बस हलली.”