भिंतीमागची माती

(परळ, गाठीच्या तापाचं साल. मारुतीच्या देवळामागे तालीम आणि तालमीला लागून वस्तादांची खोली. आत वस्ताद गणपतराव शेवटचे निजले आहेत. दार उघडं आहे.)

अण्णा : ...आणि मी नाही म्हणतच नाही, मंजुळा. चार माणसं देतो, आपल्यातली. टाळकरी देतो. तालमीचं कुलूप काढतो. गणपतला घटकाभर हौद्यात निजवू, लाल मातीत. वस्तादाला याहून आणखी काय हवं? फक्त तो तिथे उभा आहे ना, त्याला जायला सांग.

मंजुळा : तो म्हणजे कोण? नाव आहे त्याला.

अण्णा : सिदू. घेतलं नाव. झालं समाधान?

मंजुळा : यांचा श्वास थांबला तेव्हापासून उभा आहे बिचारा. तुमची चार माणसं तेव्हा कुठे होती, अण्णा?

अण्णा : भ्यालेत ग लोक. अर्धी चाळ गलबतात बसून कोकणात गेली. उरलेले दारं लावून बसलेत. मीसुद्धा बघ, सख्ख्या चुलत भावाच्या दारात अंगणाबाहेर उभा आहे. खोटं कशाला बोलू?

मंजुळा : यांचा जुना पठ्ठा जयवंत आला. प्रभादेवीच्या कोळीवाड्यातून, जाळी तशीच टाकून, दोघा भावांना घेऊन आला. बांबू आणायला गेलेत ते. तिघे ते आणि चौथा सिदू. माझे खांदे पुरे झाले.

अण्णा : कोळ्यांचं मी काही बोललो का? पण हा महार आहे. आपल्या माणसाच्या तिरडीला याचा खांदा लागला तर उद्या माझ्या घरचं पाणी कुणी पिणार नाही. फाल्गुनात पोरीचं लग्न आहे. पंच म्हणून तालमीची किल्ली माझ्या कमरेला आहे, पण तालीम माझी एकट्याची नाही.

सिदू : जोहार, अण्णा. म्या ऐकतोय सगळं. लांब उभं राहून ऐकायची सवय हाय मला.

अण्णा : तुला मी वाकडं बोललो का रे काही?

सिदू : न्हाई जी. माय, मी मागं सरतो. वस्तादांचा जल्म त्या लाल मातीत गेला. माझ्यापायी शेवटाला ती हुकायला नगं.

अण्णा : बघ. तो स्वतःच म्हणतोय. शहाणा आहे.

मंजुळा : शहाणा आहे म्हणूनच तर जो तो त्यालाच मागे सारतो. सिदू, हललास तर बघ.

अण्णा : हट्ट करू नकोस. तुझ्या नवऱ्याने तरी त्याला कधी तालमीच्या आत घेतलं होतं का? सांग की. गणपतला नियम कळत होता.

मंजुळा : ...नाही घेतलं.

अण्णा : मग?

सिदू : ते भायेर आले की, अण्णा. आतली पोरं गेली का मागल्या भिंतीकडं यायचे. माझगावच्या गोदीतली हमाली उरकून मी येऊन बसायचो. तिथं काळ्या मातीत मी खड्डा खणला व्हता. पट काढायला शिकवलं, ढाक मारायला शिकवलं.

अण्णा : अंगाला अंग लावून?

सिदू : कुस्ती काय तोंडानं शिकवत्यात व्हय?

मंजुळा : आणि पहिला नियम कुठला सांगितला रे तुला?

सिदू : आतल्यांना जो, तोच. चितपट केलं म्हंजी कुस्ती संपली न्हाई. वरच्यानं खालच्याला हात देऊन उठवायचं. त्याच्या पाठीची माती आपल्या हातानं झाडायची. तवर जोड सुटत न्हाई.

अण्णा : नियम मलाही पाठ आहे. मीही त्याच मातीत लोळलोय.

मंजुळा : लोळलात खरं. अण्णा, ती एकादशी आठवते? यांना ताप यायच्या आधीची. देवळात कीर्तन होतं. बुवांनी काय आख्यान लावलं होतं! तापलेलं वाळवंट, त्यात एक अस्पृश्याचं पोर आईला हाका मारत रडतंय, आणि संत आपली आंघोळ, आपलं सोवळं सगळं विसरून ते पोर उचलून कडेवर घेतात. बुवांनी वीणा खाली ठेवली तरी माणसांचे हुंदके थांबेनात. सगळ्यांत मोठ्याने कोण रडत होतं?

अण्णा : मी.

मंजुळा : उपरणं भिजलं होतं तुमचं. आणि हा सिदू देवळाच्या भिंतीबाहेर उभा राहून तेच ऐकत होता.

अण्णा : कीर्तन ते कीर्तन, मंजुळा. तिथे बुवा असतात, टाळ असतात, रडणारं पोर दुसऱ्या कुणाचं असतं. इथे मी असतो.

मंजुळा : आमचे हे काय म्हणायचे ठाऊक आहे? पूर्वरंग बुवांनी करावा, उत्तररंग आपण. दुसऱ्या दिवशी जोर-बैठका झाल्या आणि पोरांना म्हणाले, "काल रडलात ना? आता घागरी उचला." आणि ज्या चाळींत ताप होता तिथे पाणी भरायला घेऊन गेले. कुणाची चाळ ते विचारलं नाही. हिंदू-मुसलमान दंग्याच्या साली मुसलमान जुलाह्यांच्या, विणकरांच्या गल्लीच्या तोंडाशी पोरांना बसवलं होतं, तसंच. एका पोराने विचारलं, वस्ताद, कुणाला मारायचं? तर म्हणाले, "मारायला कशाला दंड लागतात? आडवं बसायला लागतात."

अण्णा : आणि ते पाणी भरता भरताच गेला. सांगितलं होतं मी त्याला. हात जोडून सांगितलं होतं.

मंजुळा : त्याआधी मार्गशीर्षात तुमचे गंगाधर गेले. तुमचे सख्खे धाकटे भाऊ. त्यांच्या दाराशी तरी कोण आलं होतं? तुम्ही माडीवर बायकापोरांना धरून बसला होता. गंगाधरभावोजींना खांदा...

सिदू : माय, नगं. वस्तादांनी सांगितलं व्हतं, केलेलं बोलायचं न्हाई.

मंजुळा : नाही बोलत, बाबा. चुकलं.

अण्णा : बोलायची गरज नाही तिला. मला ठाऊक आहे. पुढे गणपत आणि जयवंत. मागे कुणी तरी गिरणीतला पोरगा. आणि मागचा उजवा खांदा तुझा. डोक्याला फडकं गुंडाळलं होतंस तोंड झाकायला. मी खिडकीतून बघत होतो. चाल ओळखली.

सिदू : ओळखलं, तर मंग हटकलं का न्हाई?

अण्णा : दुसरं कुणी नव्हतं रे.

सिदू : अन् आज?

अण्णा : आज दारांच्या फटींतून लोक बघताहेत.

मंजुळा : ...अण्णा, कुलूप राहू द्या.

अण्णा : मंजुळा, विचार कर. टाळमृदंगाशिवाय नेशील त्याला? गणपतला? मुक्याने?

मंजुळा : नका हो. तेवढं नका बोलू. मला हवे होते टाळ. नवऱ्याबरोबर दुसरं काही ऐकलंच नाही मी जन्मात. भजन नाही अशी एकादशी नाही गेली आमची. आज एक टाळ वाजला असता तरी मी तग धरून उभी राहिले असते. पण काल तापात यांनी काय घोकलं ते मी ऐकलंय. मला ओळखलं नाही, पाणी मागितलं नाही. एकच. "दार उघड ग, सिदू बाहेर उभा आहे." मी म्हटलं, उघडलंय. तर म्हणाले, "हे नव्हे, तालमीचं."

सिदू : ...असं म्हनले?

मंजुळा : का बरं म्हणाले असतील रे ते?

सिदू : आतल्या पोरांना पयल्यांदा जोडीला सोडताना वस्ताद पाठीवर मातीचा हात मारायचे. तो हात बसला का पोरगा तालमीचा झाला. मी एकदा पाठ पुढं केली. वस्ताद म्हनले, "सिदू, तो हात मारुतीसमोर मारायचा असतो. दार उघडलं का मारीन." पुना मी कधी मागितला न्हाई.

अण्णा : आणि मी दार उघडत नाही म्हणून...

सिदू : तुमचं नाव न्हाई घेतलं त्यांनी कधी.

अण्णा : घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मंजुळा : जयवंतची हाक आली. बांबू आले वाटतं.

सिदू : माय, धोतराच्या सोग्यात थोडी माती बांधून आणलीय. भिंतीमागची. तालमीच्या मातीवानी तेल-ताक, हळद काय न्हाई तिच्यात, साधीच हाय, काळी. चालंल का उशाला? इथं उंबऱ्यावर ठिवतो. तुमी उचला.

मंजुळा : उंबऱ्यावर नको. आत ये.

सिदू : आत?

मंजुळा : खांदा द्यायचा तो काय अंगणातून देणार आहेस? ये. डोकं सांभाळ, चौकट खाली आहे.

अण्णा : मंजुळा... मी गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. तिरडीच्या मागे, थोडं अंतर ठेवून. पुढे येणं नाही व्हायचं माझ्याच्याने.

मंजुळा : या. तेवढं या. हेसुद्धा भिंतीपर्यंतच जाऊ शकले होते.

सिदू : कसे निजलेत बघा. आत्ता उठून शिवी हासडतील, लंगोट ढिला का म्हनून.

मंजुळा : डोकं उचल त्यांचं. हळू. हां, इथे पसर. थांब, सगळी नको टाकूस. मूठभर राहू दे माझ्या हातात. आता सदरा वर कर आणि पाठ फिरव इकडे.

सिदू : माय...

मंजुळा : फिरव म्हणते ना.

सिदू : तुमचा हात कापतोय, माय.

मंजुळा : त्यांचाही कापला असता रे. म्हणून तर राहून गेलं.