दोन डब्यांच्या गोळ्या एका ताटात

मंडळी, जय भीम.

मागं आवाज येऊन राह्यला का? नाई? माईक जरा जवळ घेतो. उभी जिंदगी एसटीत कंडक्टरी केली. "पुढं सरका, पुढं सरका" करत गाडीभर ओरडलो, कधी माईक लागला नाई. आज आवाजच निंघून नाई राह्यला. तवा सांभाळून घ्या जी.

एवढ्या उन्हात तुम्ही सगळे विहारात आले. भंतेजींनी वंदना घेतली. वामनभाऊ म्हणाले, निर्मलावहिनी आजाराशी लढल्या. शाळेतल्या बाई म्हणाल्या, मोठ्या समाधानानं गेल्या. खरं असन. पण नवरा म्हणून मले इचाराल, तं माह्या डोक्यात नुसता गोंधळ आहे. दुःख तं आहेच. पण त्या दुःखावर हा गोंधळ येऊन बसला, आन तो मले धड रडूही देऊन नाई राह्यला. म्हणून आज तोच सांगतो.

निर्मलाले स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. हे पिंड पोटात कुठं असते, हे मले म्हातारा झालो तरी माहीत नव्हतं. जठराच्या मागं लपून असते म्हणे. तिचं पोट दुखे, पाठीत कळ जाये, आम्ही म्हणू अ‍ॅसिडिटी. डोळे पिवळे झाले तवा काविळीचा झाडपाला पाजला. नागपूरले पोचलो, तवर ऑपरेशनची वेळ निंघून गेलती.

तिथं मॅडम भेटल्या. या पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्या डॉक्टर मॅडम. एवढ्या लांबून इथं आपल्या नेरले आल्या. मॅडमनं समजावून सांगतलं, की किमोचं सलाईन तं सगळ्यायलेच देऊ. त्याच्यासंगं एका नव्या गोळीचा अभ्यास चालू आहे. काही पेशंटले खरी गोळी, काहींले तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कोणाले कोणती, हे कॉम्प्युटर ठरवते, डब्यावर नुसता नंबर. मॅडमलेही माहीत नसते.

मी म्हटलं, तुम्हालेही माहीत नसते म्हणजे? माह्या गाडीत मी म्हटलं असतं, का बाप्पा तिकीट घ्या, पण गाडी नागपूरले चालली का दारव्ह्याले हे डायवरलेही माहीत नाई, तं पॅसेंजरनं मले धुतलं असतं! मॅडम हसल्या. म्हणाल्या, काका, नवी गोळी कामाची आहे का, हेच आम्हाले माहीत नाही. ते समजावं म्हणून तर हा अभ्यास. झालं. म्हणजे खरी गोळी भेटली, तरी ती खरोखर खरी आहे का, हे कोणालेच ठाऊक नाई. माह्यापेक्षा जास्त गोंधळ तं सायन्समंधी होता.

निर्मला मात्र हो म्हणाली. म्हणे, माह्यासाठी नाई तं माह्यामागून येणारीसाठी होईन. हे ध्यानात ठेवा. कारण पुढं तिनंच याच्यावर पाणी फिरवलं.

दवाखान्यात आम्ही बसलो, त्याच बाकड्यावर आणखी एक बाई बसल्या होत्या. मुकुटबनच्या सुमनबाई. तोच आजार, तोच अभ्यास, तारीखही तीच. दोघीयले एकाच दिवशी गोळ्यायचे डबे भेटले. दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत खोल्याही शेजारी-शेजारी. दोन दिवसांत अशा बोलाले लागल्या, जशा एका मायच्या लेकी.

आता जरा कपाशीचं सांगतो. तुम्ही म्हणाल, शोकसभेत कपाशी कायले? थांबा जी, समजन.

मी ड्युटीवर, तं आमचं वावर निर्मलाच पाहे. कापसाचे हे वर्ष कसे चालले, ते तुम्हाले काय सांगू? दरसाल नवी कंपनी, नवं पाकीट. दुकानदार म्हणे, हेच घ्या, बोंडअळी जवळ फिरकणार नाई. आन मंग कोणाचं उगवे, कोणाचं नुसतं झाड वाढे, बोंडाचा पत्ता नाई. तवा आपण काय करतो? दोन कंपन्यायच्या थैल्या एका घमेल्यात ओततो, हातानं कालवतो, आन मंग वावरात एकेक बी टोबतो. एक बुडालं तं दुसरं तारन. कृषी खात्याचे साहेब बोंबलतात, अरे असं नका करू, मंग कोणतं बियाणं चांगलं हे समजन कसं? आपण म्हणतो, साहेब, समजायचं काम तुमचं, आम्हाले तं हे साल काढायचं आहे.

तं मंडळी, या दोघींनी तेच केलं.

धर्मशाळेत मी चहा आणाले गेलतो. इकडं दोघींनी जेवणाच्या ताटात दोन्ही डबे उलटे केले. गोळ्या कालवल्या. अर्ध्या हिच्या डब्यात, अर्ध्या तिच्या डब्यात. मी आलो तवा दोघी झाकणं लावून बसल्या होत्या, चेहरे असे जसं देवाघरून आल्या. मले वाटलं, आज दुखणं कमी आहे वाटते! मंग दर तारखेले नवे डबे भेटले का हेच. मॅडम इचारत, मावशी, गोळ्या बरोबर घेतल्या ना? हिचं उत्तर, हो जी.

आत्ता आपण पंचशील म्हटलं. खोटं बोलणार नाई, म्हटलं. निर्मला रोज म्हणे. आन तोंडावर खोटं बोलली. पण खोटं तरी कसं म्हणू? गोळ्या तं घेतल्याच होत्या. पाहा, माहा गोंधळ इथूनच सुरू होते.

अंथरूण धरलं, तवा तिनं मले सगळं सांगतलं. म्हणे, मॅडमले फोन लावा. लावला. तिनं एका दमात सांगून टाकलं. मॅडम चिडल्या. चिडणारच. म्हणाल्या, मावशी, तुम्ही दोघींनी मिसळल्या, उद्या आणखी दोघी मिसळतील, मग पुढं येणाऱ्या बाईला मी कशाच्या भरवशावर औषध देऊ? निर्मला म्हणाली, हे पहिले सांगाले पायजे होतं. मॅडम म्हणाल्या, सांगितलं होतं, मावशी. निर्मला म्हणाली, हो, सांगतलं होतं. पण तवा मले ते कृषी खात्याच्या साहेबासारखं वाटलं.

दोघींचंही नाव अभ्यासातून कमी झालं. सुमनबाईचं सलाईन मात्र मॅडमनं थांबवलं नाई. हे मुद्दाम सांगून राह्यलो.

मले राग आला होता. भांडलो मी तिच्याशी. आजारी बाईशी भांडलो. म्हटलं, अन् तुह्या डब्यात खरं औषध असन तं? ते तू अर्धं वाटून टाकलं! म्हणे, मंग सुमनले अर्धं पोचलं ना. म्हटलं, अन् तुह्यात नुसतं पीठ असन तं? म्हणे, मंग मले अर्धं भेटलं. म्हटलं, दोन्हीत औषधच असन तं? दोन्हीत पीठच असन तं? तं म्हणे, मंग तुम्ही कायले डोकं खाऊन राह्यले? झोपू द्या मले.

तिचा हिशोब साफ होता. तो मलेच लागत नाई. तिच्या वाट्याचे दिवस तिनं देऊन टाकले, का दुसरीच्या वाट्याचे आणले? मी कोणाचे उपकार मानू? का कोणावर रागावू?

आता आजचं सांगतो. सकाळी विहाराच्या दारात मॅडम भेटल्या. म्हणाल्या, काका, सुमनताईंना पुढं काय द्यायचं ते ठरवायला त्या दोन डब्यांचे नंबर उघडावे लागले. कशात काय होतं ते मला माहीत आहे. तुम्हाला पाहिजे तर सांगते.

तेवढ्यात सुमनबाई आल्या. लेकाच्या हाताले धरून, एवढ्या दूरून. माह्या पायावर डोकं ठेवाले लागल्या. म्हणाल्या, भाऊ, मी तिच्या वाट्याची गोळी खाल्ली. ती गेली, मी फिरून राह्यली. मी आता नागपूरले जात नाई. मले ते सलाईन नको.

मंडळी, तुम्हीच सांगा, मी काय करू? मॅडमले इचारू? निर्मलाच्या डब्यात औषध निंघालं, तं ही बाई घरी बसून जीव देईन, आन मी तिच्याकडं कोणत्या डोळ्यानं पाहू? सुमनबाईच्या डब्यात निंघालं, तं हा त्यायचा लेक बसला आहे, त्याच्यासमोर मी कसा बसू? इकडून पाहा का तिकडून पाहा, एक घर चोर ठरते. आन चोरी तं कोणीच केली नाई. भंतेजी, न दिलेलं घेऊ नये, असं शील आहे. हे तं दिलेलं होतं ना? हातानं ताटात ओतलेलं होतं.

मॅडम, मले नका सांगू. आज नका सांगू. उद्या मीच तुमच्या दारात इचाराले येईन, तं माहीत नाई. माहा काही भरवसा नाई. पण आज नको.

सुमनबाई, तुम्हाले जाणून घ्यायचं असन, तं तो तुमचा हक्क आहे. पण इथं नाई. तारखेले नागपूरले, मॅडमच्या टेबलासमोर बसून इचारा. त्यासाठी जा लागन. आमच्या वावरात कालवून टोबलेलं जे उगवे, ते कोणत्या कंपनीचं, हे निर्मलानं कधी इचारलं नाई. जे उगवलं त्याचं निंदण करत गेली. बाई, तुम्ही आहात. माहा गोंधळ आज फिटणार नाई, पण तुम्ही आहात, एवढं मले या दोन डोळ्यायनं दिसून राह्यलं. मी नागपूरच्या स्टँडवर उभा राहीन. तुमची गाडी आली, का मी तुम्हाले दवाखान्यात घेऊन जाईन. निर्मलाच्या जागेवर बसा लागलं तं बाकड्यावर मी बसन. गोळ्या मात्र कालवाले मांगू नका.

बस, एवढंच होतं. आता निर्मलासाठी दोन मिनिटं उभं राहू. सगळ्यायनं उभं राहा.

तुम्ही नाई, सुमनबाई. तुम्ही बसूनच राहा. तुम्हाले लांब जायचं आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.