अंकुरच्या चपला

(बोरी अरबच्या शिवारातलं भगवानरावांचं घर. दिवेलागण. कापसाची खोली आजच रिकामी झालेली.)

भगवानराव : विहिरीत गळ टाकून पाह्यला, स्टँडवर माणसं पाठवली, दारव्ह्याच्या रस्त्यानं जाणारे ते चादरीवाले धरले, चांगल्या ठेवून देल्या त्यायले. अजून काय करू तुह्या पोरासाठी, सत्यशीला?

सत्यशीला : त्यायले सोडा, मालक. त्यायनं नाई नेला अंकुरले.

भगवानराव : तुले काय माईत?

सत्यशीला : ह्या चपला पाहा. आत्ता भेटल्या. तुमच्या कापसाच्या खोलीत, भिंतीपाशी.

भगवानराव : खोलीत? लेकरं तिथं आणायची नाई, हे मी वेचणीच्या पयल्याच दिवशी सांगतलं होतं. कापूस मळवतात तुमची पोरं.

सत्यशीला : म्हणूनच तं चपला काढल्या जी. मीच काढल्या. ताप होता त्याले. अंगणवाडीच्या बाईनं वापस धाडला. अन् तुमी म्हणे, आज खाडा केला तं उद्या येऊच नको. मंग कोरड्या कापसात खड्डा केला, वावरात निजवतो तसा. वरून थोडा कापूस पांघरला. ऊब लागते. औषध पाजलं होतं, डोळा लागला त्याचा.

भगवानराव : अन् मले सांगतलं नाई?

सत्यशीला : गाडी उद्या येते म्हणत होते तुमी. सांजेले गुपचूप काढून घेतो म्हटलं.

भगवानराव : भाव उतरून राह्यला, म्हणून आजच बोलावली. पण तू वावरातून आली तवा गाठोडे बांधबांधून गाडी भरणं चालूच होतं. तवा का बोलली नाई?

सत्यशीला : अर्धी खोली रिकामी दिसली. पोरगा नाई दिसला. म्हटलं, उठून गेला असन संगं वेचणाऱ्या मैनाबाईच्या घरी खेळाले. तुमच्यापुढं विचारलं असतं तं काम गेलं असतं.

भगवानराव : पाह्य तुह्यी अक्कल.

सत्यशीला : उत्तमसिंग डायवरले फोन लावा मालक. गाडी थांबवा.

भगवानराव : गाडी जिनिंग मिलच्या रांगेत लागली असन. चार लोकायसमोर ताडपत्री खोलाची का?

सत्यशीला : वजन वाढाले पाणी मारलं म्हणून? नाई सांगत मी कोणाले. रात्री तो ओला कापूस मीच तं पलटला.

भगवानराव : हळू बोल. अन् आता ऐक. गाडीत चढून कापूस तुडवला कोणं?

सत्यशीला : गाडी थांबवा म्हटलं ना जी.

भगवानराव : तूच ना? तू अन् मैनाबाई. नाचल्यावाणी तुडवत होत्या. पोलीस पयले हेच विचारन. त्यापेक्षा चादरीवाल्यायचं नाव लाव. तुलेही बरं, मलेही बरं.

सत्यशीला : सांगीन पोलिसायले, मीच तुडवला. पायाखाली काईतरी घट्ट लागलं, तेही सांगीन. म्हटलं, ओला गोळा असन. अजून जोरानं दाबला. पण पयले फोन लावा. तो दम धरून हाय जी.

भगवानराव : दम धरून? दुपारपासून?

सत्यशीला : मी सांगतलं त्याले. आवाज करू नको. माय बोलावत नाई तोवर हू नाई का चू नाई. ऐकते तो माहं.

भगवानराव : घे. स्पीकरवर टाकला. उत्तमसिंग?

उत्तमसिंग : बोलो मालक. नंबर लागला आपला. ताडपत्री सोडून राह्यलो, लोडर येतेच हाय.

सत्यशीला : भाऊ, लोडर नका लावू. माहा अंकुर हाय कापसात.

उत्तमसिंग : क्या बात करतं बाई... ए, मशीन बंद कर रे. बंद कर म्हटलं ना.

भगवानराव : उत्तमसिंग, दुसऱ्या कोणाले जवळ येऊ देऊ नको.

उत्तमसिंग : तुमी चूप बसा मालक. बाई, हातानं काढून राह्यलो. लय ओला हाय, ढेकळं झाले. अंकुर. ए अंकुर बेटा.

सत्यशीला : तुमी हाक नका मारू, भाऊ. तुमच्या आवाजाले ओ नाई देत तो.

उत्तमसिंग : बाई...

सत्यशीला : काय झालं?

उत्तमसिंग : पाय लागला हाताले. थंडा हाय.

सत्यशीला : थंडाच राह्यते. ताप चढला का पाय थंडे पडते त्याचे. फोन त्याच्या कानापाशी धरा.

उत्तमसिंग : बाई, अब फोन का...

सत्यशीला : धरा ना जी.

उत्तमसिंग : धरला.

सत्यशीला : अंकुर. माय होय बेटा. मालक नाई इथं. आता आवाज केला तरी चालते.