धूमकेतू झिजतो, फसली झिजत नाही

...आणि म्हणे तो दर फेरीला झिजतो! अहो, तो तिकडे आभाळात, आणि इथे अंबरपेठेत माझी पोळी तव्यावर करपतेय! तुम्हाला सांगते बायांनो, धूमकेतू झिजतोय तर झिजू द्या की, आपण कशाला झिजायचं?

झालं काय, आमची सुनीता जामबागेतल्या शाळेत. स्कॉलरशिपच्या परीक्षेला शाळेतून एकच मुलगी पाठवायची, आणि आमची नि आणखी एक, दोघी अगदी बरोबरीच्या! मग त्यांच्या बाई, इंदुताई, त्यांनी दोघींना पुस्तकातलं एकच गणित दिलं. घरून सोडवून आणा, जिचं बरोबर ती जाणार. गणित कसलं? 'एक धूमकेतू पन्नास वर्षांत सूर्याला एक फेरी घालतो. दर फेरीला उरलेल्या वजनाचा दहावा भाग गमावतो. १९०० साली त्याचं वजन हजार मण होतं, तर ७२९ मण कोणत्या साली राहील?' हजार मण! अफझलगंजात एवढं धान्य रोज सकाळी मोजतात! पण पोर शहाणी, पाटी घेऊन बसली, पटापट मांडलं, उत्तर लिहिलं... आणि एवढ्यात आमचे हे कचेरीतून आले!

हे म्हणजे मालगुजारीच्या, शेतसाऱ्याच्या कचेरीत बावीस वर्षं. तिथले सगळे जुने कागद फसली सनाचे, म्हणजे निजामाच्या साऱ्याच्या सनाचे, इसवीच्या पाचशे नव्वद वर्षं मागे. निजाम गेला, आता राज्याचीही वाटणी झाली, पाच जिल्हे मुंबईकडे, तीन म्हैसूरकडे, पण ह्यांच्या डोक्यातलं फसली हललं असेल तर शपथ! जगात एकोणीसशे छप्पन्न, ह्यांच्याकडे तेराशे सहासष्ट!

पाटी हातात घेतली आणि कपाळाला आठी. "एकोणीसशे साल? ते यायला अजून पाचशे चौतीस वर्षं आहेत! 'वजन होतं' काय? पुस्तक चुकलंय!" आणि पोरीचं उत्तर बाहीने पुसलं की हो! वर भिंतीवरून शेजारच्या ख्वाजामियाँना हाक. तेही त्याच कचेरीतून रिटायर झालेले, मग काय विचारता! "हौ जी, उन्नीसौ तो अब्बी आनेकाच है! किताबवाला कच्चा है! पन ये बोलो, झडा सो माल कौनसे जिल्हे में जमा करनेका?" घ्या! धूमकेतूचा झडलेला माल कोणत्या जिल्ह्यात जमा करायचा, त्यावर अर्धा तास! आमटी निवली. धूमकेतू झिजतोय तर झिजू द्या की हो, आपण कशाला झिजायचं?

शेवटी ह्यांनी आकडे मांडले. हजाराचे नऊशे, नऊशेचे आठशे दहा, मग सातशे एकोणतीस. तीन फेऱ्या, दीडशे वर्षं. "दोन हजार पन्नास!" सुनीता ओरडली, "बाबा, थांबा, हेच, इथेच थांबा!" पण थांबतात कसले! "बाळ, हे फसली झालं. बाईंना इसवी लागणार." मिळवले पाचशे नव्वद! दोन हजार सहाशे चाळीस! खाली शेरासुद्धा लिहिला, 'पुस्तकात दुरुस्ती व्हावी.' पोरीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. माझं काळीज तुटलं हो, तिची एवढी हौस ह्यांच्या फसलीत बुडणार!

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तर पोर नाचत घरी! "आई, मीच जाणार! दुसरीचं चुकलं!" अगं, कसं काय? तर पाटीच्या मागच्या बाजूला तिने आपलं दोन हजार पन्नास लिहून ठेवलं होतं. बाईंना म्हणाली, "हे माझं, आणि हे बाबांचं." इंदुताई म्हणे खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या! आणि वर चिठ्ठी, 'मुलगी हुशार आहे. पालकांनी गणितात मदत करू नये. वाचल्याची सही, तारखेसह पाठवावी.'

मला वाटलं, आता हे चिडणार. छे! चिठ्ठी दोनदा वाचली, पोरीला उचलून गरकन फिरवलं, भिंतीवरून ओरडले, "ख्वाजामियाँ, अपनी सुनीता जीत गई!" माझ्याच डोळ्यांना पदर लागला. मग ऐटीत बसले, झोकात सही केली, खाली तारीख घातली...

सन तेराशे सहासष्ट!

जाऊ द्या बायांनो. धूमकेतू झिजेल हो एक दिवस, ह्यांचं फसली नाही झिजायचं!