रोवणीच्या बायांचं तिकीट

धानाच्या रोवणीतून उठून आलेल्या बाया चिखलाच्या पायांनीच गडचिरोलीच्या एसटीत चढल्या. कंडक्टर नीलिमा तिकिटाचं मशीन धरून उभीच राहिली, कारण पुढच्या सीटवरच्या दोघींचं कुठं उतरायचं तेच ठरेना.

“गडचिरोलीले माहेरीच जातो, निर्गुणाबाई. सावलीच्या पोलीस ठाण्यात नाई.”

“जाय ना, वैशू. माहेरीबी मी संगं, ठाण्यातबी मी संगं. माहेरी तुही माय कोंबडा तरी कापन.”

“लोक म्हनतीन, धानाच्या बांधीत एकटी काऊन होती?”

“आपुन विचारू, तो ट्रॅक्टरवाला काऊन आला?”

“त्यानं जबरदस्ती केली, हे माह्यानं पोलिसाइले सांगनं होईन?”

“मले सांगनं झालंच ना! तिथी पोलीस बाईच लिहून घेते. कालची साडी धुतली काय?”

“नाई. जशीच्या तशी पिशवीत हाये.”

“मंग मायले मळकी साडी दाखवाले चालली का व?”

वैशू खुदकन हसली. पिशवी छातीशी धरून म्हणाली, “कंडक्टरबाई, दोन सावली द्या.”

मागच्या सीटांवरून आवाज आला, “दोन नाई, नऊ! आज रोवणी बंद.”