खोटा किडा कुठे गेला?

आता मीही हसते, पण त्या दिवशी मी घर डोक्यावर घेतलं होतं. लॉकडाऊनमध्ये नदीवर जायला बंदी, म्हणून आमचे हे इथे परदेशात, पॉइंट कुक उपनगरातल्या आमच्या घरात, हॉलमध्येच, बादलीत गळ टाकायची प्रॅक्टिस करायचे. बास मासा पाण्यावर पडलेले किडे खातो म्हणे, म्हणून रबरी लाल किडा मागवलेला. दिसायला खायच्या गोळीसारखा, पण पोटाखाली तीन टोकांचा गळ. यांनी काठी मागे नेऊन जोरात झटकली आणि किडा दोरीवरून सुटलाच. खाली आमची दोन वर्षांची चिऊ काहीतरी चघळत बसलेली.

"अहो, किडा कुठाय?"

"असेल इथेच. ओरडू नकोस." हे सोफ्याखाली शिरले.

मी चिऊच्या तोंडात बोट घातलं. बिस्कीट होतं. पण आधीच गिळला असेल तर? त्यात कोरोना, हॉस्पिटलात कसं न्यायचं? चिऊ आपली बापाकडे बोट दाखवून "फिश! फिश!" करतेय.

"अहो, हिने खाल्लाच! गाडी काढा!"

हे धडपडत उठले, चावी घ्यायला वळले. किडा त्यांच्याच पाठीवर, स्वेटरमध्ये रुतलेला.

मी चिऊला कडेवर घेतलं. म्हटलं, "बादली ठेवून द्या आता. लेक केव्हाची सांगतेय, मासा लागलाय म्हणून."